तीन गुणांची सवय

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर २०२५ ला राज्य संघांच्या रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेचा नवा मोसम सुरू होतोय. महाराष्ट्राचा पहिला सामना तिरुवनंतपुरमला केरळशी आहे. गटात शिवाय कर्नाटक, सौराष्ट्र, पंजाब, मध्य प्रदेश, चंडीगड आणि गोवा. पृथ्वी शॉ मुंबई सोडून आला, जलज सक्सेना केरळ सोडून आला, ऋतुराज गायकवाड आहेच. त्यामुळे ‘यंदा महाराष्ट्राला संधी’ ही मथळ्याची ओळ पुन्हा दिसू लागली आहे. नाशकातल्या जुन्या रणजी प्रेक्षकांना ती तोंडपाठ आहे. दरवर्षी त्यातली खेळाडूंची नावं तेवढी बदलतात.

महाराष्ट्राने करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ साली, लागोपाठ. कर्णधार होते पन्नाशीला टेकलेले प्रा. दि. ब. देवधर. त्यानंतर ८४ वर्षं काही नाही. अंतिम सामना तीनदा गाठला आणि तिन्ही वेळा हरलो. १९७०-७१ ला मुंबईकडून, १९९२-९३ ला पंजाबकडून, २०१३-१४ ला कर्नाटकाकडून. एकाच राज्यात तीन रणजी संघ आहेत. त्यातल्या मुंबईचे ४२ करंडक बाजूला ठेवू, त्यांची गोष्टच वेगळी. पण विदर्भ १९५७-५८ पासून खेळतोय आणि साठेक वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्याच विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक नागपूरला नेले. गेल्या मोसमात त्यांच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले. एका रणजी मोसमात इतके बळी आधी कुणी घेतले नव्हते.

विदर्भाचं नाव निघालं की बळींचा आकडा येतो. महाराष्ट्राचं निघालं की धावांचा. भाऊसाहेब निंबाळकरांचे १९४८ मधले पुण्यातले नाबाद ४४३, केदार जाधवचे २०१३-१४ मधले १,२२३. आमची तक्रार नेमकी इथे आहे. महाराष्ट्राकडे फलंदाज नेहमीच होते. नाही ती प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही डावांतले २० गडी बाद करण्यासाठी वेळ राखून ठेवायची सवय.

गुणांचा हिशेब आधी मांडतो, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. साखळीत प्रत्येक संघाला ७ सामने, प्रत्येकी ४ दिवसांचे. निर्णायक विजयाला ६ गुण. डावाने किंवा १० गडी राखून जिंकलं तर १ जादा. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. हरलेल्याला भोपळा. आठ संघांच्या गटातून पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात.

आता बेरीज करा. सातही सामने अनिर्णित ठेवून सातही वेळा आघाडी घेतली तरी २१ होतात. गेल्या मोसमात आपल्या गटातून जम्मू-काश्मीर ३५ गुणांनी आणि मुंबई २९ गुणांनी पुढे गेले. बडोद्याचे २७ झाले आणि ते घरी बसले. म्हणजे दोन विजय आणि पाच वेळा आघाडी, इतकं करूनही (१२ + १५ = २७) दार बंद राहू शकतं. तीन निर्णायक विजय ही खरी पूर्वअट, चार झाले तर निर्धास्त. आघाडीचे ३ गुण तोंडी लावण्यापुरते. महाराष्ट्राच्या ताटात मात्र वर्षानुवर्षं तोंडी लावणंच जास्त.

याचा सर्वांत ठसठशीत नमुना ऑक्टोबर २०१६ चा. तटस्थ मैदानांचा मोसम होता, सामना वानखेडेवर, समोर दिल्ली. महाराष्ट्र २ बाद ४१. तिथून स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) आणि अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. दुसऱ्या दिवशी २ बाद ६३५ वर डाव घोषित झाला. कुठल्याही गड्यासाठीच्या जागतिक विक्रमाला, म्हणजे श्रीलंकेच्या संगकारा-जयवर्धनेच्या ६२४ ला, ३० धावा कमी पडल्या म्हणून बरीच हळहळ झाली. पण दोन दिवस संपत आले होते आणि दिल्लीचे २० गडी अजून शिल्लक होते, याची हळहळ करणारे फारच थोडे. पुढे दिल्लीने ५९० केल्या, ऋषभ पंतच्या त्यात ३०८. सामना अनिर्णित राहिला. महाराष्ट्राला ४५ धावांच्या आघाडीचे ३ गुण मिळाले.

इथे दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. डाव दोनशे धावा आधी घोषित केला असता तर आघाडी दिल्लीने घेतली असती. कर्णधार घाबरतात ते याचसाठी, आणि त्यांची भीती खोटी नाही. गेल्या मोसमात केरळ उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरच्या पुढे गेला तो पहिल्या डावातल्या १ धावेच्या आघाडीवर (२८१ विरुद्ध २८०), आणि उपांत्य फेरीत गुजरातच्या पुढे गेला तो २ धावांच्या (४५७ विरुद्ध ४५५). गुजरातचा शेवटचा गडी अर्झान नागवासवालाने आदित्य सरवटेला जोरात फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात पडला. तो सुटता आणि सीमेपार जाता तर गुजरात अंतिम सामन्यात असता. तिथे विदर्भानेही केरळवर मात केली ती पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या जोरावर (३७९ विरुद्ध ३४२). हे सगळं बघणारा कर्णधार म्हणणारच की आधी आघाडी, मग बाकीचं.

फरक एवढाच की बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाला थेट पुढे जातो, साखळीत तिला ३ गुणच मिळतात. आघाडी हुकून सामना अनिर्णित राहिला तर तोटा २ गुणांचा. डाव लवकर घोषित करण्याची जोखीम घेऊन जिंकलो तर फायदा ३ गुणांचा. हरलो तर मात्र तीनही जातात, हे धरूनच बोलतोय. सात सामन्यांत दोन-तीनदा हा जुगार खेळलाच पाहिजे, नाहीतर २१ च्या आसपास घुटमळत बसायचं.

मग षटकं कशी खर्च करायची? दिवसाला ९०, चार दिवसांत ३६०. डाव बदलताना तीन वेळा दोन-तीन षटकं जातात, म्हणून धरा ३५२. पहिला डाव ११५ षटकांत संपवायचा. साडेतीनच्या गतीने ४०० धावा होतात, रणजीत त्या पुष्कळ. प्रतिस्पर्ध्याला ९५ षटकांत गुंडाळलं की २१० झाली. दुसऱ्या डावात ५० षटकं, म्हणजे २६०. शेवटी उरतात ९० च्या वर, पूर्ण एक दिवस. समोरच्यांना २५० च्या आत उडवलं तर फॉलोऑन लादता येतो, म्हणजे त्यांना लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवता येतं (चार दिवसांच्या सामन्यात १५० ची आघाडी लागते), पण आजकाल कर्णधार तो टाळतात, गोलंदाज दमलेले असतात म्हणून. ते चुकीचं आहे असंही नाही.

बिघडतं कुठे, तर पहिल्या ११५ षटकांत. वरच्या फळीतला एक शतकाजवळ आला की ९० ते १०० या टप्प्याला दहा-बारा षटकं लागतात. मग तळाच्या फलंदाजांना ‘टिकून राहा’ असा निरोप जातो. दहाव्या गड्याची ३५ धावांची भागीदारी १५ षटकं खाते. फलकावर ४३० दिसतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी चहापान झालेलं असतं. १५० षटकं गेली. आता समोरच्यांनी फक्त ११० षटकं उभं राहायचं, की सामना मेला. म्हणून महाराष्ट्राचं काही खरं आहे का ते बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी चहापानाला फलक पाहावा. तोवर समोरच्यांचे दोन-तीन गडी बाद झालेले असले तर थांबण्यात अर्थ आहे. आपणच फलंदाजी करत असलो तर गंगापूर रोडला एक चहा मारून घरी जावं.

खेळपट्टीवर खापर फोडणं सोपं असतं. थोडं खरंही असतं. सामन्याआधी दहा-बारा दिवस पट्टी तीन-चार इंच खोल भिजेल असं पाणी दिलं जातं. अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण पाणी वर येत नाही, अशा अवस्थेला आधी हलका रोलर, मग एक-दीड टनाचा. काळी माती ओल धरून ठेवते, वाळायला वेळ घेते, दबली की चेंडू संथ आणि खाली राहतो. लाल माती लवकर वाळते, उसळी देते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुगा होऊन फिरकीला मदत करते. चूक बहुतेक वेळा एकच होते. वरचा थर वाळलेला आणि खाली ओल असताना घाईने जड रोलर फिरवतात. वर पापुद्रा धरतो, खाली गादी राहते. अशा पट्टीवर चेंडू टेनिसच्या चेंडूसारखा थांबून येतो, फटका मारणं अवघड आणि बाद होणं त्याहून अवघड. कडेच्या, न वापरलेल्या पट्टीत दुचाकीची किल्ली टोचून बघा. अर्धा इंच सहज गेली तर चौथ्या दिवसाचं तिकीट फुकट असूनही महाग. (रणजीला प्रवेश बहुधा फुकटच असतो, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.) पोटापाण्याची किल्ली असते ती, वाकवू नका, आणि मुख्य पट्टीच्या जवळपासही जाऊ नका, कुणी जाऊ देणारही नाही.

नाशकात ऑक्टोबर आणि जानेवारी म्हणजे दोन निराळी मैदानं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस मधेच येऊन जातो. पट्टी दोन-दोन दिवस आच्छादनाखाली राहते, आत घाम धरते, पहिला तासभर चेंडू हलतो आणि मग उन्हाने ती हालचाल थांबते. जानेवारीत निफाडचा घसरलेला पारा आपल्या बातम्यांत झळकत असतो तेव्हा नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानावरही सकाळी साडेनऊला गवतावर दव असतं. रणजीत वापरतात त्या एस. जी. चेंडूची शिवण हाताने घातलेली, उठावदार. त्या ओलाव्यात ती पहिली १५-२० षटकं भरपूर बोलते. नाणेफेक जिंकून फलंदाजी घ्यायची महाराष्ट्राची जुनी खोड इथे महागात पडू शकते. शिवाय नियमानुसार फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला (सामन्याचा पहिला डाव सोडून) डाव सुरू होण्याआधी आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जास्तीत जास्त ७ मिनिटं रोलर मागता येतो, हलका की जड तोच ठरवतो. आपण कुठला मागितला, कधी मागितला, याची चर्चा आपल्याकडे शून्य. चौथ्या दिवशी भेगा पडलेल्या पट्टीवर जड रोलर फिरला तर तासभर भेगा दबून बसतात आणि प्रतिस्पर्धी तेवढा वेळ सुखाने काढतो. उलट फार भुसभुशीत पट्टी जड रोलरखाली आणखी फुटते. ओळखता आलं पाहिजे.

राहिला मोसमाचे दोन तुकडे करण्याचा प्रश्न. २०२४-२५ पासून पाच सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उरलेले दोन जानेवारीच्या शेवटी. मधे मुश्ताक अली करंडकाचं टी-ट्वेंटी आणि विजय हजारे करंडकाचे ५० षटकांचे सामने. हेतू चांगला होता, उत्तरेतलं धुकं टाळायचं. त्याची किंमत वेगवान गोलंदाज मोजतात. दोन महिने दिवसाला ४ किंवा १० षटकं टाकणाऱ्याला एकदम १८-२० टाकायला लावलं की बरगडीजवळचा स्नायू ताणतो, कंबर धरते. असा भार दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. गेल्या मोसमात महाराष्ट्र विजय हजारेच्या उपांत्य सामन्यात विदर्भाकडून १६ जानेवारीला हरला आणि २३ जानेवारीला नाशकात बडोद्याविरुद्ध लाल चेंडू हातात घेतला. मधे एक आठवडा.

आणि तो सामना महाराष्ट्राने ४३९ धावांनी जिंकला! म्हणजे आमचाच मुद्दा आमच्या गावात खोटा ठरला. मान्य. पण ती सहावी फेरी होती. ऑक्टोबरात वांद्र्याला मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १२६ वर आटोपून ९ गड्यांनी हार पत्करली, तिथे मुंबईला ६ आणि आपल्याला शून्य. जानेवारीतला झंझावात त्याची भरपाई करू शकला नाही. दोन तुकड्यांच्या मोसमात पहिल्या पाच सामन्यांतच निकाल लागतो आणि ऑक्टोबरात महाराष्ट्र बहुतेक वेळा अंग चोरून सुरुवात करतो.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंनी काय फरक पडेल? शॉमुळे धावांची गती वाढेल, आणि वरच्या हिशेबात तीच तर हवी. ११५ षटकांत ४०० व्हायला असाच सलामीवीर लागतो. सक्सेनाने रणजीत ४०० बळी आणि ६,००० धावा असा दुहेरी पल्ला गाठलाय. तसं करणारा तो पहिलाच. पण डिसेंबरात तो ३९ चा होईल. एका मोसमासाठी ठीक. त्याच्या जोडीला आपल्या नाशिकचा सत्यजित बच्छाव, एक उजवा ऑफस्पिनर आणि एक डावखुरा, अशी जोडी चौथ्या दिवशी ९० षटकं मिळाली तरच कामाची. सगळं फिरून पुन्हा षटकांवरच येतं.

आता आपल्याकडे एक मागणी, आणि ती आपल्यासह सगळ्याच मराठी वृत्तपत्रांकडे आहे. ३० जानेवारीला दिल्लीत विराट कोहली रणजी खेळला तेव्हा पानभर मजकूर होता. दुसऱ्या दिवशी तो ६ वर त्रिफळाचीत झाला आणि स्टेडियम रिकामं झालं. आपली पानंही झाली. एरवी रणजीला दोन ओळी: ‘महाराष्ट्र ६ बाद ३१२, गायकवाडचे शतक’. यातून काहीच कळत नाही. ३१२ धावा ८५ षटकांत की १०५ षटकांत? गंगापूर धरणात किती टक्के साठा आहे हे आपण रोज छापता, तेवढ्याच जागेत हे बसतं: प्रत्येक डावाची धावसंख्या, षटकं, गडी कुठल्या धावसंख्येवर पडले, गोलंदाजांचं पृथक्करण (षटकं, धावा, बळी), आणि सामना संपल्यावर कुणाला किती गुण. गटाची गुणतालिका आठवड्यातून एकदा. जाहिरात असेल तेव्हा पृथक्करण गाळा, षटकं गाळू नका.

नाशिकच्या वाट्याला मोसमात एखादा सामना येतो. त्या चार दिवसांत तरी फलकावर षटकांचा आकडा लांबून वाचता येईल एवढा मोठा असावा, आणि खेळणाऱ्या दोन्ही संघांची नावं-क्रमांक लिहिलेला एक साधा कागद प्रवेशद्वाराशी लावावा. शाळेची मुलं येतात, आपलं कोण आणि त्यांचं कोण एवढंही त्यांना कळत नाही.

तूर्त, १७ तारखेच्या अंकात केरळविरुद्धच्या दुसऱ्या दिवसाची षटकं छापलीत तरी पुरे.

कळावे,

आपला,
एक जुना रणजी प्रेक्षक
गंगापूर रोड, नाशिक